तीन लाल टाके

विठाबाईला कुणी शिकलेली म्हटलं तर ती पदर तोंडाला लावून हसेल, आणि अडाणी म्हटलं तर म्हणणाऱ्याची धडगत नाही. शाळा चौथीपर्यंतची, तीही बारवी धरणाच्या कडेच्या गावातली, लावणीच्या दिवसांत आपोआप ओस पडणारी. पण कुठलीही पॅन्ट तिच्या हातात द्या. उलटी करील, शिवणीवरून अंगठा फिरवील आणि सांगील की मशीन कुठलं, सुई कितीची आणि शिवणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं की नाही. हे शेवटचं म्हणजे शुद्ध थाप, असं महिपतीचं म्हणणं. महिपती तिचा नवरा. मूळचा साताऱ्याकडचा, विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत टायरच्या कामावर एकतीस वर्षं काढून रिटायर झालेला. त्याच्या म्हणण्याला घरात किती किंमत आहे ते पुढे येईलच.

उल्हासनगरात जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली होते तेव्हाची गोष्ट. कॅम्प दोनच्या मागच्या अंगाला, वालधुनी नाल्याच्या काठाशी, धर्मेश शेठच्या वडिलांचा कारखाना होता. विठाबाई तिथं लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्याकडे काम एकच, पॅन्टच्या आतल्या पायाची शिवण. कापडात कापड दुमडायचं आणि वरून दोन धाग्यांची शिवण मारायची. माणूस बसो, उठो, मोटारसायकलवर टांग टाको, शिवण उसवता कामा नये. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. किती लोकांची अब्रू आपल्या शिवणीवर टिकून आहे याचा हिशेब देवच जाणे, असं ती म्हणायची आणि सगळ्या बायका हसायच्या.

आता या कारखान्याचा एक कायदा सांगितला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. तीस कारीगर, आणि माल पडायचा एकाच ढिगात. एखाद्या पॅन्टीत खोट निघाली की ती दुरुस्तीला परत यायची. तिला म्हणायचं अल्टर. अल्टर कुणाचा, यावरून रोज झिंज्या धरण्यापर्यंत पाळी. शेवटी बायकांनीच तोड काढली. प्रत्येकीने आपापल्या रंगाच्या दोऱ्याचे तीन टाके शिवणीच्या टोकाला हातानं घालायचे. बनूबाईचे पिवळे, कुणाचे हिरवे, विठाबाईचे लाल. अल्टर आला की रंग बघायचा, आणि जिचा रंग तिनं तोंडातून ब्र न काढता उसवून पुन्हा शिवायचं. अंग दुखतंय, पोरगं आजारी आहे, काही चालायचं नाही. जिचा टाका तिचा अल्टर.

विठाबाईचा अल्टर वर्षातून एखादा यायचा. त्यामुळे ते तीन लाल टाके पुढे पुढे खूण राहिले नाहीत, तिची सहीच झाले. गजानन मार्केटातून लाल सुती दोऱ्याचं रीळ ती स्वतःच्या पैशानं आणायची. घरच्या उशांच्या अभ्र्यांना, महिपतीच्या लुंगीला, शेजारणीच्या परकराला, सगळीकडे तीन लाल टाके. महिपती म्हणायचा, "झोपलो असलो की माझ्या कानालाबी घालशील." ती म्हणायची, "घातले असते, पण तुमचा अल्टर कोण शिवणार?"

मग जीन्सचे दिवस फिरले. पॅन्टी धुण्याचे, रंगवण्याचे कारखाने बंद झाले. ज्या नाल्याचं पाणी एक दिवस निळं, एक दिवस काळं वाहायचं, त्याच्यापायी ते झालं, आणि झालं ते बरंच झालं असं म्हणणारे कमी नव्हते. धुलाई गेली तशी शिलाईही गेली. तीस बायकांच्या अकरा राहिल्या. मशिनी प्लास्टिकखाली झाकून पडल्या. म्हातारे शेठ वारले, आणि धर्मेश शाळेच्या दप्तरांची, ताडपत्रीची फुटकळ कामं आणून कसंबसं रेटू लागला. त्यालाही सहा वर्षं झाली. एका मोबाईलच्या कव्हरवाल्याचा जागेवर डोळा होता. गोडाऊन म्हणून भाड्यानं दे, घरबसल्या खा, असं तो महिन्यातून दोनदा येऊन सांगायचा.

अशात एकदा अंबरनाथच्या कारखानदारांच्या हॉलमध्ये मोठी सभा भरली. परदेशातल्या व्यापाराच्या संधी, असा बोर्ड. धर्मेश म्हणाला, "विठाबाई, तुम्ही पण चला. धंद्याचं मला कळतं, शिलाईचं काय खाक कळत नाही." विठाबाईनं हळदीकुंकवाची साडी काढली आणि गेली. स्टेजवरून एकेक जण बोलत होते. कुठल्या देशात सांडपाणी साफ करायचे कारखाने उभे राहतायत, कुठं बसचे डेपो, कुठं नवे रूळ, आणि त्यांना लागणारा बारकासारका माल आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपनं का देऊ नये. विठाबाईला त्यातलं निम्मं कळलं आणि समोसे दोन मिळाले. पण मागच्या टेबलावर जाड काळ्या कापडाचा एक तुकडा मांडला होता. तो तिनं सवयीनं उलटा केला, अंगठा फिरवला, आणि जागीच थांबली.

"शेठ," ती म्हणाली, "ही आपली आतल्या पायाची शिवण आहे."

टेबलावरच्या माणसानं मग नीट समजावलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक बंदराचं शहर. शहरातून कालवा जातो, तो गाळानं भरलाय. कालव्याच्या काठानं नवी रेल्वे टाकायचीय. तर गाळ उपसायचा आणि या कापडाच्या लांबच लांब पिशव्यांत भरायचा. पाणी कापडातून गळून जातं, गाळ आत राहून घट्ट होतो. त्याच पिशव्या काठाला रचायच्या, वर मातीचा भराव, भरावावर रूळ. एकेक पिशवी तीस तीस मीटरची, म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्यासारखी, हे नंतर महिपतीनं लावलेलं माप. कापड कुठंही मिळतं, तो माणूस म्हणाला, गोची शिवणीची आहे. पोटात एवढा गाळ घेऊन शिवण धरली पाहिजे.

धर्मेशनं हिंमत केली. काळं कापड आणलं, जीन्सच्या मशिनींवरचं प्लास्टिक काढलं, तेलपाणी केलं. पहिल्यांदा चाचणीसाठी चार छोट्या पिशव्या पाठवायच्या होत्या, सिमेंटच्या गोणीएवढ्या. त्यात गाळ भरून तिकडे महिनाभर टांगणार आणि मग ठरवणार. ऑर्डर मिळाली तर अकरा बायकांना दोन वर्षं मान वर करायला फुरसत नाही. नाही मिळाली तर कव्हरवाला दारात उभाच होता. हे धर्मेशनं सगळ्यांना समोर बसवून सरळ सांगितलं. त्याचा तो स्वभावच, पोटात काही राहत नाही.

लांब शिवणी विठाबाईनं मारल्या. कोपरे राजसीनं जोडले. राजसी चोवीस वर्षांची, अकरा जणींत सगळ्यात लहान, नवऱ्यानं सोडलेली, हात चलाख पण भित्री. चारही पिशव्या देखण्या झाल्या. बॉक्समध्ये भरायच्या आधी विठाबाईनं प्रत्येक पिशवीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तीन लाल टाके घातले. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारलं नाही. सव्वीस वर्षं ज्या हातानं घातले त्या हाताला हे सांगावं लागत नव्हतं.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. धर्मेशनं तो फोनवर वाचला आणि खुर्चीत बसला. शिवण चारही पिशव्यांची पक्की, एक टाका हललेला नाही. पण सव्विसाव्या दिवसापासून चारही पिशव्यांतून गाळ बाहेर येतोय. खालचा कोपरा. फोटो जोडलेला. तिथल्या इंजिनिअर बाई महिनाभरानं मुंबईला येणार होत्या, तेव्हा कारखान्यात येऊन कारण बघणार. कारण कळलं आणि दुरुस्त झालं तर ठीक, नाही तर दुसरीकडे चौकशी चालूच होती.

"कोपरा कुणाचा?" धर्मेशनं विचारलं. सगळ्यांनी राजसीकडे पाहिलं. राजसी पांढरी पडली. धर्मेश वाईट माणूस नव्हे, पण घाबरलेला माणूस होता. "उद्यापासून राजसीनं कोपऱ्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "मॅडम येऊन गेल्यावर बघू, कामावर ठेवायचं की काय ते."

फोन हातोहात फिरत विठाबाईकडे आला. तिनं चष्मा लावला. काळ्या कापडावर तीन भोकं. एका ओळीत, किंचित तिरकी, दोहोंत बोटाच्या पेराएवढं अंतर. लाल दोरा कुठंच दिसत नव्हता. मशीनचा दोरा पॉलिस्टरचा, हा मात्र सुती. घाणीत महिनाभर राहिल्यावर कुजून गेला, आणि मागं उरली ती सुईची भोकं, गाळाच्या भारानं ताणून टाक्यागणिक एक झालेली. माणूस आपलं अक्षर ओळखतो तशी विठाबाईनं ती भोकं ओळखली. तिनं फोन परत दिला, मशीनवर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत दप्तरं शिवत राहिली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी तिनं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बत्तीस वर्षांचं नाव, तेही नेमकं त्या तीन टाक्यांचंच. बनूबाई काय म्हणेल, शेठ काय म्हणेल, आणि या वयात दुसरं काम कोण देईल. जाताना राजसी जिन्याखाली डोळे पुसत उभी होती, तर विठाबाई तिच्याकडे न बघता पुढे गेली. या एका गोष्टीची तिला आजही लाज वाटते. ती स्वतःच सांगते, म्हणून इथं लिहिलं.

घरी चहा झाला. महिपतीनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. एरवी त्यानं त्यावर आठवडाभर मजा केली असती. "काय झालंय?" एवढंच त्यानं विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

महिपतीनं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "डेपोत आमचा एक नियम होता. ट्यूब बसवताना आपल्याच हातून पंक्चर झालं, तर तिथंच बोंबलायचं. लाज वाटती म्हणून गप बसलं तर गाडी घाटात बसती. आणि मग ड्रायव्हर शिव्या खातो, ज्याचा काय बी संबंध नाही."

"पोरगी रडत होती हो," विठाबाई म्हणाली, आणि मग तिलाच रडू फुटलं.

"रडून झालं की सांग," महिपती म्हणाला. "आणि नुसतं तोंडानं सांगू नको. माणसं तोंडावर विश्वास ठेवत न्हाईत, पाण्यावर ठेवतात. आम्ही ट्यूब पाण्यात धरून दाखवायचो." म्हणजे किंमत होती त्याच्या म्हणण्याला, बरीच होती. फक्त तसं त्याला कळू द्यायची पद्धत त्या घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मशिनी सुरू व्हायच्या आधी विठाबाई सगळ्यांसमोर उभी राहिली. "राजसीचा कोपरा चांगला आहे. भोकं माझी आहेत," ती म्हणाली. "लाल टाके मी घातले. सुती दोरा कुजला." मग राजसीकडे वळली. "काल संध्याकाळीच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. चुकलं माझं, पोरी."

राजसीनं तिचा हात धरला. धर्मेश मात्र भडकला. "बत्तीस साल का काम, और ये? कुणी सांगितलं होतं नक्षी काढायला?" बोलबोल बोलला, पाणी प्यायला, पुन्हा बोलला. विठाबाई मान खाली घालून ऐकत होती. मग त्याचा आवाज उतरला. त्याच्या लहानपणीच्या शाळेच्या चड्डीला याच बाईनं तीन लाल टाके घातले होते, ते त्याला आठवलं असावं. "ठीक आहे," तो म्हणाला. "झालं ते झालं. मॅडमला सांगायचं, धागा खराब लॉटचा होता, बदलला. बात खतम."

"आणि तिनं विचारलं, भोकं तीनच का? तर?" विठाबाईनं विचारलं. "चारही पिशव्यांत एकाच जागी का? शेठ, जिनं एवढ्या लांबून कोपऱ्याचा फोटो काढलाय तिला मोजता येत असेल."

धर्मेशनं हात जोडले, आता जे करायचं ते करा, अशा अर्थानं.

त्या दुपारी महिपती दोन बादल्या घेऊन कारखान्यात हजर झाला. बादल्या डेपोतल्या, रिटायर होताना त्यानं त्या कशा आणल्या ते विचारू नये. मागच्या दारानं उतरून त्यानं वालधुनीचा काळा गाळ उपसला. विठाबाईनं दोन पिशव्या शिवल्या, एकीला लाल टाके, एकीला नाहीत. दोन्हींचे कोपरे राजसीकडून जोडून घेतले. गाळातलं पाणी सुटावं म्हणून मिसळायची पावडर कापडाच्या नमुन्याबरोबर आली होती, ती मोजून घातली. ज्या लोखंडी आकड्यांना पूर्वी जीन्स वाळत घालायचे, त्यांना दोन्ही पिशव्या टांगल्या. महिपती रोज येऊन पाणी बघायचा, पाटीवर खडूनं दिवस मांडायचा आणि बायकांना उगाच सूचना द्यायचा. पाचव्या दिवशी बनूबाईनं त्याला स्टूल आणून दिलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

इंजिनिअर बाई आल्या तो तिसावा दिवस होता. त्यांचं नाव आशा. आपल्याकडचं नाव तिकडे कसं, म्हणून बायकांना मोठं नवल वाटलं. तिकडच्या किनाऱ्यावर हे नाव घरोघर आहे, असं त्यांनी हसून सांगितलं. उंच, सावळ्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला. त्यांच्या शहरात गुजराती दुकानदार पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्यामुळे हिंदी थोडी थोडी यायची. धर्मेश त्यांना खुर्ची, थंडा, दालपकवान करत होता. त्या सरळ मागच्या दाराशी गेल्या.

एक पिशवी कोरडी, तळातून थेंब थेंब नितळ पाणी. दुसरीच्या डाव्या कोपऱ्याखाली काळा चिखल साठलेला.

"ये कैसे?" आशाबाईंनी विचारलं.

विठाबाई पुढे झाली. तिच्या हिंदीत मराठी जास्त होती, पण तिनं कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. तीस कारीगर, एकच ढीग, अल्टर, रंग, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "गलती मेरी है. आदत है. हाताला कळलं नाही. शिवण देखो, शिवण पक्की है."

आशाबाई खाली वाकल्या, बोटानं तीन भोकं चाचपली. मग विचारलं, "खराब माल आला तर ज्याची खूण त्यानं दुरुस्त करायचं? फुकट?"

"फुकटच. जिचा टाका तिचा अल्टर."

आशाबाईंनी दोन्ही पिशव्यांची शिवण टोकापासून टोकापर्यंत तपासली. धर्मेशनं मनातल्या मनात आपल्या सिंधी देवाला, झूलेलालला, काय काय कबूल केलं ते त्यालाच माहीत. शेवटी त्या म्हणाल्या, आणि धर्मेशनं बायकांसाठी मराठीत सांगितलं, की भोकाची मला भीती नाही. भोक बुजवता येतं. तीस मीटरची पिशवी रुळाखाली गेल्यावर ती कुणी शिवली हे जगात कुणालाच माहीत नसतं, त्याची भीती वाटते. मला कागदावर नंबर टाकून देणारे दहा जण भेटले. पुढे येऊन गलती मेरी है म्हणणारी ही पहिली.

मग त्यांनी पिशवीला वर असलेला उचलायचा पट्टा दाखवला. इथं, बाहेर, पाणी लागत नाही तिथं, टाके घाला. पण सुती नको, पॉलिस्टरचे. प्रत्येक बाईचा रंग कागदावर लिहून द्या, पिशवी नंबर अमुक, रंग तमुक. हे करारात जाईल. विठाबाईला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. तिनं राजसीकडे पाहिलं. राजसी हसत होती, म्हणजे बरोबर कळलं होतं.

पहिला कंटेनर चार महिन्यांनी गेला. त्यात बनूबाईचे पिवळे होते, राजसीचे निळे होते आणि विठाबाईचे लाल. पुढे आशाबाईंनी फोटो पाठवला. परक्या मुलखातला कालवा, काठाला अजगरासारख्या पसरलेल्या काळ्या पिशव्या, मागे खडीचे ढीग आणि रुळांची थप्पी. एका पट्ट्यावर बारीक तीन लाल ठिपके. विठाबाईनं तो फोटो राजसीकडून मोठा करून घेतला आणि डोळे भरून पाहिला. महिपती म्हणाला, "बघ, परदेशी जाऊन आलीस, तिकीट न काढता." ती त्याचा हात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी बायकांनी मागची जागा साफ करायला काढली. टांगून राहिलेली बिनटाक्याची जुनी पिशवी उतरवून फेकायला राजसी गेली, तर विठाबाईनं तिला थांबवलं. महिपती हौसेनं अजूनही तीत गाळ ओतायचा, आणि गळालेलं पाणी खालच्या बादलीत साठलं होतं. पिण्याजोगं नव्हे, पण तळाचं तांबडं फूल दिसत होतं, बादलीवर डेपोच्या पेंटरनं काढलेलं. पलीकडे नाला वाहत होता, काळाच. विठाबाई कधी बादलीकडे बघे, कधी नाल्याकडे.

मग तिनं उरलेलं काळं कापड काढलं, मशीनवर बसली आणि दुपारपर्यंत एक मोठी पिशवी शिवली. महिपतीला निरोप धाडला, दुसरी बादली घेऊन या. पट्टा लावला, सुईत लाल पॉलिस्टरचा दोरा ओवला.

"मावशी, ही कुणाच्या ऑर्डरची?" राजसीनं विचारलं.

"ऑर्डर नाही," विठाबाई म्हणाली. "सव्वीस वर्षं पॅन्टी शिवल्या मी. त्या धुतल्या कुठं? या पाण्यात. निळं झालं, काळं झालं, रोज बघत होते. रंग सोडणारे दुसरे होते, खरं आहे. पण पॅन्टीला टाके कुणाचे होते?"

बोलता बोलता पट्ट्यावर तीन टाके पडले. विठाबाईनं दात लावून दोरा तोडला.

"अल्टर आहे हा," ती म्हणाली. "माझाच आहे. धर, ते टोक धर."